पत्र्याच्या पलीकडचं गाणं

बाबांचं तेरावं झाल्यानंतर एका संध्याकाळी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील भेटायला आले. आता ते काठी घेऊन चालतात. सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, भिंतीवरच्या फोटोकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काय गं, तुमच्या त्या गाण्याच्या कार्यक्रमांना किती वेळा बाहेर उभे राहिलो असू आम्ही दोघं!"

मी म्हटलं, "खूपदा, काका."

"मी आपला कोणी ना कोणी गाठून गप्पा मारायचो. तुझे बाबा नाही. ते लांब, तिकडे कुंपणाशी, पत्र्याला हात टेकून उभे. मी हाका मारायचो, अहो या की इकडे, चहा आलाय. नुसता हात वर करायचे. कंटाळत असणार बिचारे. दिवसभर कंपनीत उभं राहायचं आणि संध्याकाळी परत पोरीसाठी उभं राहायचं."

ते सहज बोलून गेले. आईने चहा आणला आणि बोलणं त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर गेलं. पण ते 'कंटाळत असणार बिचारे' माझ्यापाशी राहिलं. बाबांना मी आयुष्यात कितीतरी प्रश्न विचारले होते. पंपाची मोटर कशी जळते, शेअरचा फॉर्म कसा भरायचा, कोकणातल्या घराचा तिसरा वाटेकरी कोण. माझ्या कार्यक्रमांना ते बाहेर उभे असायचे तेव्हा त्यांना कसं वाटायचं, एवढंच विचारलं नव्हतं. आणि आता विचारायला ते नव्हते.

मी नववीत असताना मला गाण्याचं वेड लागलं. त्याआधी मी पुस्तकातली मुलगी होते. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत कुठेही, गॅसच्या सिलिंडरला टेकूनसुद्धा, वाचत बसायचे. शेजारच्या इमारतीत राहणारी ही मैत्रीण एकदा एक कॅसेट घेऊन आली. गाणाऱ्याचं नाव इथे लिहीत नाही. तो पुढे फार मोठा झाला नाही, आणि त्याला आता कोणी ओळखेलसं वाटत नाही. आम्ही दोघींनी ती कॅसेट इतकी वाजवली, की दुसऱ्या बाजूच्या मधल्या गाण्यात एका जागी फीत घासून आवाज थरथरायला लागला. पुढे कितीतरी दिवस मला ते गाणं त्या थरथरीसकटच पाठ होतं.

मग कळलं, की तो आमच्याच भागातल्या एका शाळेच्या मैदानावर गाणार आहे.

आई म्हणाली, "दोघी मुली एकट्या? मुळीच नाही." मैत्रिणीच्या घरीही तेच उत्तर. बाबा जेवत होते. ते फारसे बोलत नसत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कंपनीत ते पंपाचे सुटे भाग तपासायचं काम करायचे; दिवसभर मशिनींच्या आवाजात राहून त्यांनी आपलं बोलणं बहुधा तिथेच कमी करून टाकलं होतं. घरी रेडिओ लागायचा तो बातम्यांपुरता. गणपतीच्या आरतीला ते टाळ्या वाजवायचे, ओठ हलवायचे, पण त्यांचा सूर मी कधी ऐकला नाही. तर त्यांनी ताटातला भात संपवला आणि म्हणाले, "मी सोडतो. मी आणतो."

"मग तुमचं पण तिकीट काढायचं ना?" मी विचारलं.

"माका कित्याक? मी आसंय भायर."

मला कशाला, मी आहे बाहेर. आमचं मूळ गाव मालवणच्या बाजूचं, आणि एखादा विषय मिटवायचा असला की बाबा मालवणीत शिरायचे. त्यावर पुढे बोलायचं नसतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या पहिल्या कार्यक्रमातलं मला काय आठवतं? गाणं सुरू करण्याआधी तो खोकला. कॅसेटवर कोणी खोकत नाही. त्याने घोटभर पाणी घेतलं, पेटीवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तो हसला, आणि मग आमचं ते गाणं सुरू झालं. आणि दुसऱ्या कडव्याला त्याने ते वेगळंच नेलं. मी मनातल्या मनात पुढची ओळ धरून बसले होते आणि ती आलीच नाही. आधी राग आला. मग अंगावर काटा आला. छापून झालेली गोष्टसुद्धा माणूस समोर उभा राहून बदलू शकतो, हे मला पुस्तकांनी सांगितलं नव्हतं. आणि ती थरथर तर नव्हतीच. त्या जागेवर गाणं अगदी स्वच्छ होतं, आणि मला तिथे काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.

मी ओरडलेसुद्धा. वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी जिचा आवाज फुटायचा नाही, ती मी दोन्ही हात वर करून ओरडले. मैत्रीण माझ्याकडे बघतच राहिली. "अगं तू? वाट लागली! तुझ्या बाबांना सांगू?"

बाहेर आलो तेव्हा बाबा स्कूटरपाशी उभे होते. मी मागे बसले. रस्त्यावर वळण घेताना ते म्हणाले, "तुझा आवाज ऐकला मी."

"शक्यच नाही. एवढ्या लोकांत?"

"ऐकला," ते म्हणाले, आणि गिअर बदलला.

त्यानंतर तीन-चार वर्षं आमचं हेच चाललं. घाटकोपरला गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, जिथे एकच माणूस पुरुषाच्या आणि बाईच्या दोन्ही आवाजांत गायचा आणि लोक त्याला नोटांऐवजी श्रीफळ द्यायचे. मुलुंडच्या नाट्यगृहातली भावगीतं, जिथे आमच्याएवढं कोणीच नसायचं आणि शेजारच्या आजी आम्हाला आलेपाकाच्या वड्या द्यायच्या. पवईच्या इंजिनिअरिंगच्या संस्थेतला डिसेंबरचा महोत्सव, जिथे लांब केसांची मुलं गिटार घेऊन इंग्लिशमध्ये काहीतरी म्हणायची. आम्ही मराठी शाळेतल्या मुली. त्यातला एक शब्द कळायचा नाही. पण ड्रमचा ठोका पोटात बसायचा आणि त्याला भाषा लागत नव्हती. आणि अंधेरीतलं एक मोठं मैदान, सगळीकडून पत्र्याचं कुंपण ठोकलेलं, जिथे मी एका पायातली चप्पल गर्दीत घालवली आणि तशीच स्कूटरवर बसून घरी आले.

अंधेरीला जायचं म्हणजे मरोळवरून जायचं. बाबा सकाळी कामाला जायचे तोच रस्ता. कंपनीतून घरी येऊन, हातपाय धुऊन, परत त्याच रस्त्याने ते मला घेऊन निघायचे. कंपनीचं फाटक आलं की स्कूटर किंचित हळू व्हायची. रखवालदार ओळखून विचारायचा, "काय साहेब, परत?" बाबा मागे माझ्याकडे बोट दाखवायचे.

मुलींना सोडायला आलेल्या बापांची फाटकाबाहेर एक वेगळी सभाच भरायची. कोणी शेंगदाणे आणायचा, कोणी ट्रान्झिस्टरवर स्कोअर लावायचा. दिवाळीचा बोनस, इमारतीचं पाणी, मुलगी बारावीनंतर काय करणार, हे तिथले विषय. मैत्रिणीचे वडील त्या सभेचे जणू अध्यक्ष होते. आम्हाला जी गाणी ऐकायला मिळायची, त्यातलं त्यांना एकही माहीत नसायचं. "तुमचं आत झालं, आमचं बाहेर झालं," असं ते दरवेळी म्हणायचे.

बाबांचं मात्र एक गाणं घरात प्रसिद्ध होतं. पवईच्या महोत्सवाहून आम्ही परतलो होतो. मैत्रीण आमच्याकडेच जेवायला थांबली होती. आईने गरम पिठलं वाढलं आणि बाबांना सहज विचारलं, "कसं काय झालं यांचं?"

"ता पहिला गाणा बरा होता," बाबा म्हणाले.

मी घास तसाच धरून त्यांच्याकडे बघितलं. आजवर त्यांनी कुठल्याच गाण्याबद्दल काही म्हटलं नव्हतं. "पहिलं कुठलं?"

"तेच गं. नुसत्या गिटारवर. हळू होतं. तो मधेच थांबला, परत पहिल्यापासून उचललं. मग पुन्हा थांबला. मग एकाने नुसतंच आ आ केलं. बाकी सगळा धांगडधिंगा, पण ते बरं होतं."

मैत्रिणीला आधी समजलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "अहो काका, ते साउंड चेक होतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे कार्यक्रमाच्या आधी माइक नीट लागलाय की नाही ते बघतात ना, ते. वन टू थ्री, वन टू थ्री."

"वन टू थ्री म्हणाला तो," बाबा शांतपणे म्हणाले. "मला वाटलं इंग्लिश गाणं आहे."

त्यावर आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. बाबाही हसले. तेव्हापासून आमच्याकडे 'बाबांचं वन टू थ्रीचं गाणं' हा शब्द पडला. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी नुसतं क्लॅरिनेट फुंकून बघितलं, तरी कोणीतरी म्हणायचं, घ्या, यांचं गाणं लागलं. बाबा प्रत्येक वेळी तितकंच हसायचे.

एकदाच ते आत आले. अकरावीत होते मी. मैत्रिणीला कांजिण्या झाल्या आणि अंधेरीच्या कार्यक्रमाचा तिचा पास हातात राहिला. मी हट्ट धरला. बाबांनी दोनदा मालवणीतून नाही म्हटलं, पण मी तिसऱ्यांदाही विचारलं, तेव्हा आले. खुर्चीवर ताठ बसले. हेल्मेट मांडीवर, त्यावर दोन्ही हात. एक गाणं झालं, दुसरं झालं. आमच्या मागे कोणी मुलगा आपल्या मित्राला वडापावची ऑर्डर देत होता, पुढे दोन बायका साडीच्या काठाबद्दल बोलत होत्या, आणि गाणारी समोर जीव तोडून गात होती. मी बाबांकडे बघितलं तर ते स्टेजकडे नाही, कुंपणाकडे बघत होते. मग वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "मी भायर आसंय गो," आणि उठून गेले.

कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, "आवडलं नाही?"

"बरं होतं की."

"मग उठलात का?"

"हेल्मेट ठेवायला जागा नाही आत."

मला तेव्हा खात्रीच पटली, की गाणं ही बाबांची गोष्ट नाही. वाईट वाटलं नाही. काहींना गोड आवडत नाही, तसंच हे, असं वाटलं. पुढे मी कॉलेजात गेले, मग लायब्ररीत नोकरीला लागले, एकटीने जायला-यायला लागले. कार्यक्रम हळूहळू कमी झाले. बाबा निवृत्त झाले, स्कूटर विकली. शेवटच्या काही वर्षांत त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते टीव्हीचा आवाज इतका मोठा करायचे की खालच्या मजल्यावरून फोन यायचा. मग आजारपण, मग हॉस्पिटल, मग नाही.

ते गेल्यावर माझं गाणं ऐकणं थांबलं. ठरवून नाही. हेडफोन ड्रॉवरमध्ये गेले आणि तिथेच राहिले. कोणी गाडीत रेडिओ लावला तर मी काच खाली करून बाहेरचे आवाज आत घ्यायचे. आई आता आमच्याकडेच राहते. तिला वाटलं, मी सुतकाचं मनावर घेतलंय. म्हणाली, "वर्षभर सण नाहीत, ते ठीक. पण गाण्याला कोणी नको म्हटलंय गं?" प्रश्न सुतकाचा नव्हता. कुठलंही गाणं लागलं की मला कुंपणाशी उभा असलेला एक दमलेला माणूस दिसायचा, आणि वाटायचं, या सगळ्या गाण्यांचं भाडं त्याने भरलं, आपल्या संध्याकाळी देऊन. आणि त्याला त्यातलं काहीच मिळालं नाही.

एकदा कांदे चिरताना मी आईला विचारलंच. "बाबांना ते आवडायचं का गं? मला सोडायला यायचे ते?"

"मला काय माहीत?" आई म्हणाली. "तू कधी विचारलंस का त्यांना?"

"नाही ना."

"मग मी कशाला विचारू? पोरीला सोडून येतो म्हणायचे आणि जायचे." तिने कढईवर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "चहासुद्धा पूर्ण प्यायचे नाहीत हां त्या दिवशी. अर्धा कप तसाच ठेवून स्कूटर काढायचे. मी म्हणायची, अहो, अजून वेळ आहे. तर म्हणायचे, उशीर नको व्हायला."

हेही दोन्हीकडून लागू पडत होतं, ओढ म्हणूनही आणि नुसती सवय म्हणूनही. बाबा वेळेचे पक्के होते. बँकेतसुद्धा ते शटर उघडायच्या आधी जाऊन उभे राहायचे.

मागच्या महिन्यात माझी मुलगी म्हणाली, की तिच्या आवडत्या बँडचा कार्यक्रम अंधेरीला आहे. ती पंधरा वर्षांची आहे. तिची तिकिटं फोनमध्ये असतात, गाणीही फोनमध्ये, आणि मैत्रिणीशी भांडणंसुद्धा तिथेच. पण त्या बँडचं बोलताना तिचा चेहरा बघितला आणि मला ती कॅसेट आठवली.

"जा की," मी म्हटलं.

"नक्की? म्हणजे, आजोबांचं वर्ष व्हायचंय ना अजून..."

आतून आई म्हणाली, "आजोबांनी तुझ्या आईला कधी अडवलं नाही. तू बिनधास्त जा."

"मी सोडते," मी म्हटलं. "आणि आणते."

"आई यार! आम्ही दोघी कॅबने येऊ. तुला लोकेशन पाठवते ना मी लाइव्ह."

"मी बाहेर थांबेन. तुला दिसणारसुद्धा नाही."

"अगं पण किती वेळ? तू करशील काय तिथे?"

मी म्हटलं, "पुस्तक नेईन." तिने डोळे फिरवले, पण हो म्हणाली.

माझ्याकडे स्कूटी आहे. मुलगी मागे बसली, आणि आम्ही पवईच्या तळ्याकाठून, मेट्रोच्या खांबांखालून, मरोळवरून गेलो. बाबांची कंपनी केव्हाच बंद झाली. तिथे आता काचेची इमारत आहे आणि खाली कॉफीचं दुकान. मी त्या जागी स्कूटी किंचित हळू केली. मुलगी म्हणाली, "काय झालं? पेट्रोल?" मी म्हटलं, "नाही, असंच."

मैदान वेगळं होतं, पण कुंपण तेच, निळे पत्रे. आम्ही बरंच लवकर पोचलो, कारण मीच घाई केली होती. पुढच्या फाटकाशी मुलामुलींची रांग लागली होती. मुलीची मैत्रीण तिथे आधीच उभी होती. मुलीने मला हाताने 'आता जा' अशी खूण केली आणि गर्दीत मिसळली. आलेले बरेचसे पालक गाड्यांमध्ये काचा बंद करून बसले होते. आता त्यांची सभा भरत नाही. स्कूटी लावायला जागा शोधत मी मैदानाला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. तिथे एक बदामाचं झाड होतं, पाण्याचा टँकर उभा होता, आणि कोणी नव्हतं.

मी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं, पुस्तक उघडलं. तेवढ्यात पलीकडे गिटार वाजायला लागली.

एकटीच होती. हळू. चार-पाच सूर, मग पुन्हा तेच, पण शेवटचा थोडा वर नेलेला. मधेच थांबली. मला वाटलं, झालं. पण पुन्हा सुरुवातीपासून उचलली, आणि या वेळी शेवट आणखी वेगळा नेला. मग एका मुलीचा आवाज आला. शब्द नव्हते. ती नुसती त्या सुरांच्या मागून चालत होती, कुठे जायचंय ते अजून ठरवलं नसल्यासारखी. पत्र्यामुळे आवाजाची धार गेली होती आणि फक्त त्याचा गाभा इकडे येत होता. बोलणारं कोणी नव्हतं. वडापाव नाही, साडीचे काठ नाहीत. मी बराच वेळ उभी होते म्हणून आधारासाठी पत्र्यावर हात टेकला, आणि हात दचकून मागे घेतला. पत्रा थरथरत होता. मग पुन्हा टेकला. त्या कॅसेटमधली थरथर जशी होती ना, तशीच, हाताच्या तळव्यात. गिटारचा प्रत्येक जाड सूर मला आधी हाताला कळत होता आणि मग कानाला.

पुस्तक केव्हा मिटलं, ते मला आठवत नाही.

नंतर मग सगळंच सुरू झालं. ड्रम, दिवे, हजार मुलांचा एकच आवाज. मला हे बँडचं संगीत फारसं कळलं नाही. पण मी उभी राहून ऐकलं. पत्र्याशी कान नेऊन मुलीचा आवाज ऐकू येतो का तेही बघितलं. अजिबात येत नव्हता. तेव्हा बाबा त्या एका बाबतीत सरळ थाप मारत होते, हे माझ्या लक्षात आलं आणि मला एकटीलाच हसू आलं.

कार्यक्रम सुटल्यावर मुलगी बाहेर आली ती घामाने चिंब, घसा बसलेला, एका हातात मैत्रिणीचा हात. "आई, काय झकास झालं माहितेय! तू बोर झालीस ना?"

"नाही गं. मला ते पहिलं गाणं खूप आवडलं."

"पहिलं? ते फास्टवालं?"

"ते नाही. त्याच्या आधीचं, नुसत्या गिटारचं. हळू. ती मुलगी मग नुसतं गुणगुणते, शब्द नाहीत त्याला."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "असं काही गायलेच नाहीत ते," मैत्रीण म्हणाली.

मग माझ्या मुलीने कपाळावर हात मारला. "आई! आम्ही लायनीत होतो तेव्हा? अगं ते साउंड चेक होतं! सुरू पण नव्हतं झालं. कोणी ऐकतसुद्धा नव्हतं."

मी ऐकत होते.

हे मी तिला म्हटलं नाही. माझं मलाच म्हटलं. तिथे, टँकरच्या शेजारी, हातात हेल्मेट धरून मी उभी राहिले आणि इतकी वर्षं ज्यावर आम्ही सगळे हसलो ती गोष्ट मला पहिल्यांदा नीट दिसली. कंटाळलेल्या माणसाला कार्यक्रम केव्हा सुरू झाला ते बरोबर कळतं. तो घड्याळ बघत असतो; सुरू झाला म्हणजे संपायला लागला, एवढाच त्याचा हिशेब. माइक तपासतानाच्या सुरांना गाणं समजायचं, तर माणूस आधीपासून कान देऊन उभा असावा लागतो. आत जाणारे अजून रांगेत एकमेकांचे केस नीट करत असताना त्याचं ऐकणं सुरू झालेलं असावं लागतं. अर्धा चहा तसाच ठेवून निघालेला माणूसच ती चूक करू शकतो.

"आई? काय झालं? रडतेस की हसतेस?"

"दोन्ही. बस मागे."

तिच्या मैत्रिणीचे वडील तिला घ्यायला आले होते. ती गेल्यावर आम्ही निघालो. पवईला तळ्यावरून गार वारा येत होता. मुलगी मागून बसलेल्या घशाने तिचं ते फास्टवालं गाणं गात होती, आणि मी ते तिच्याकडून शिकायचा प्रयत्न करत होते.

घरी आई जागी होती, भात गरम करत होती. मुलीने दारातूनच सांगून टाकलं, की आई आज साउंड चेकला गाणं समजली. आईने हातातली भातवाढी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तूसुद्धा वन टू थ्री?" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. बाबा गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. मुलीला ती जुनी गोष्ट नीट माहीत नव्हती, म्हणून पिठल्यापासून सगळी सांगावी लागली. आईने मधे मधे माझ्या चुका दुरुस्त केल्या. पिठलं नव्हतं म्हणे, त्या दिवशी वालाची उसळ होती.

झोपायला जाण्याआधी मी ड्रॉवर उघडून हेडफोन बाहेर काढून ठेवले. मुलगी फोनमध्ये डोकं घालून बसली होती.

"आई, जानेवारीत परत येणार आहेत ते. तुझं पण तिकीट काढू का? आत येशील?"

"काढ," मी म्हटलं. "पण दोन गाण्यांनंतर मी उठून बाहेर जाणार."

"का पण?"

"हेल्मेट ठेवायला जागा नसते गं आत."